ढगाळ दिवसांचे कागद

वेधशाळेत त्यांना डागवाले म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही म्हणत, आणि दोन्हीकडे आवाज सारखाच असे, यावरून माणूस किती निरुपद्रवी होता ते कळावं. सूर्यावरचे डाग पेन्सिलीने कागदावर काढणं हे त्यांचं काम. पगारपत्रकावर हुद्दा होता 'निरीक्षण सहायक, श्रेणी दोन'. श्रेणी एक कोण, हे सव्वीस वर्षांत त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बहुधा सूर्य असावा.

सकाळी साडेआठला घुमटाची झडप उघडायची, जुनी दुर्बीण सूर्याकडे वळवायची आणि तिच्या मागच्या फळीवर एक पांढरा कागद चार चिमट्यांनी लावायचा. कागदावर वीतभर वर्तुळ आधीच छापलेलं. सूर्याचं बिंब त्या वर्तुळात नेमकं बसवलं की डाग कागदावर उमटतात आणि ते जिथल्या तिथे पेन्सिलीने गिरवायचे. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. लावला तर तो डोळा पुढे दुसऱ्या कशालाही लावायच्या लायकीचा राहत नाही. मग डाग मोजायचे, आणि दुपारी बाराच्या आत तो आकडा सगळ्या जगाचे आकडे गोळा करणाऱ्या केंद्राकडे पाठवायचा.

उपग्रह वर फिरत असताना ही पाटी-पेन्सिल कशाला, असं नवा माणूस विचारी. डागवाले शांतपणे सांगत की माणसं चारशे वर्षं सूर्यावरचे डाग डोळ्यांनी मोजत आली आहेत. गज मधेच बदलला तर कापड वाढलं की गज आखूड झाला हे पुढच्याला कळणार नाही. हे वाक्य त्यांचं नव्हतं. ते थोरल्या साहेबांचं होतं. थोरले साहेब म्हणजे डागवाल्यांना कामाला लावणारे जुने संचालक, आता हयात नसलेले, पण वेधशाळेत त्यांचा शब्द अजून हजेरीपटावर होता.

थोरल्या साहेबांनी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली तपासणीची. कागदावर काळं काही दिसलं तर आधी कागद हलवा. ठिपका कागदाबरोबर हलला तर ती धूळ. मग भिंग फिरवा. भिंगाबरोबर फिरला तर ती भिंगावरची घाण. मग डोळा हलवा. डोळ्याबरोबर सरकला तर दोष तुमचा. तिन्हीला जो बधत नाही तो सूर्याचा. दुसरी गोष्ट एका ओळीची होती: दिसलं तेवढंच काढा. ज्या दिवशी आभाळ भरलेलं असेल त्या दिवशीही फळीला कागद लावायचा, तासभर वाट बघायची, बिंब नाहीच आलं तर कोपऱ्यात 'ढग' लिहून, सही करून तो कोरा कागद फायलीत ठेवायचा. कोरा आहे म्हणून एक कागद फाडून टाकणाऱ्याला साहेबांनी एकदा थेट भांडारात बदली देऊन खिळे मोजायला बसवलं होतं.

कामाला लागून चौथ्या वर्षी डागवाल्यांना तो ठिपका पहिल्यांदा दिसला.

एका मोठ्या डागसमूहाच्या शेजारी, जिथे काही नव्हतं तिथे, मोहरीएवढा. त्यांनी कागद हलवला. ठिपका हलला नाही. भिंग फिरवलं, फिरला नाही. डोळा हलवला तर ठिपका नाहीसाच झाला, आणि पुन्हा तिथे बघितलं तर पुन्हा होता. तिसऱ्या परीक्षेचा हा निकाल थोरल्या साहेबांनी सांगितलेलाच नव्हता. बघितलं की आहे, नाही बघितलं की नाही. डागवाल्यांनी सगळ्यात कडक पेन्सिल घेऊन तो अगदी हलका टेकवला, आणि आकड्यात धरला नाही. त्याच सकाळी वेधशाळेने घेतलेल्या फोटोत त्या जागी काहीच नव्हतं.

त्यांची बायको त्या वेळी डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिने नवऱ्याला ओढत नेऊन तपासून आणलं. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून तासभर आत बघितलं आणि म्हणाले, "डोळे लहान मुलासारखे स्वच्छ आहेत."

"मग यांना दिसतं ते काय?" बायकोने विचारलं.

"मला काय दिसतं ते मी सांगू शकतो," डॉक्टर म्हणाले.

ठिपका त्यानंतर येत राहिला. कधी महिन्यातून एकदा, कधी वर्षभर नाही. डागवाल्यांना त्याची सवय झाली. घरातल्या एखाद्या अबोल नातेवाइकाची होते तशी. त्याच्याबद्दल ते कोणाशी बोलले नाहीत. डोळ्यांत तेल घालून काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवरच शंका आली तर मागे तेल तेवढं उरतं.

मग पाहुणी आली. ती संशोधन करणारी मुलगी, तीन महिन्यांसाठी, म्हणून सगळे तिला पाहुणी म्हणू लागले. तिचा विषय सौरज्वाला. सूर्यावर डागांच्या आसपास चुंबकीय बळाच्या रेषा पिळत जातात, पीळ असह्य झाला की तुटून नव्याने जोडल्या जातात, आणि त्या झटक्यात काही मिनिटांत एवढी ऊर्जा सुटते की क्ष-किरण, कधी गॅमा किरणसुद्धा, थेट आपल्या उपग्रहांवर येऊन आदळतात. हे जुनं झालं. नवं असं की क्ष-किरण पकडणाऱ्या यंत्रांना आता ज्वालेची अगदी सुरुवात दिसू लागली होती. बाकी कोणाला पत्ता लागायच्या आधीच तिथला वायू कोटभर अंशांवर तापून बसलेला असतो.

"किती आधी?" डागवाल्यांनी चहाच्या वेळी विचारलं.

"काही मिनिटं. त्याच्या आधी काय असतं ते कोणालाच माहीत नाही, काका. मला तेच हवंय."

कोणत्या डागसमूहातून किती ज्वाला उठल्या हे बघायला तिने डागवाल्यांचे कागद मागितले. नोंदींची खोली तळमजल्यावर होती. तिथे फायलींचा वास, एक टेबल, आणि उन्हाकडे तोंड नसलेली एक खिडकी. पंधरा दिवसांनी ती एक कागद हातात घेऊन घुमटात आली.

"काका, हे काय काढलंय?"

"कुठे?"

"इथे. बारीक. फोटोत नाहीये."

"नसणार."

"का नसणार?"

"तिथे काही नव्हतं."

"मग काढलंत का?"

"दिसलं," डागवाले म्हणाले.

तिने कागद टेबलावर ठेवला, त्याच्यावर दुसरा, असे अकरा मांडले. अकरांवर एकेक हलका ठिपका. "या प्रत्येक दिवशी," ती म्हणाली, "पाच-सहा तासांनी मोठी ज्वाला झाली. या जागी. माझ्याकडे उपग्रहाने दिलेल्या जागा आहेत, मी तीनदा ताडून पाहिल्या. अकरापैकी अकरा." तिचा आवाज मुद्दाम खाली ठेवल्यासारखा होता. "हे शक्य नाही. साध्या उजेडात तिथे बघण्यासारखं काही असूच शकत नाही."

"बरं," डागवाले म्हणाले.

अशा बातमीला 'बरं' म्हणणाऱ्या माणसाकडे ती बराच वेळ बघत राहिली.

संचालकांनी मात्र बातमीचा योग्य तो मान राखला. हे नवे संचालक, दर सहा महिन्यांनी वेधशाळेची उपयुक्तता वरच्यांना पटवून देणं हेच त्यांचं खरं निरीक्षण. "हा सूर्य आणि हा जयद्रथ," ते डागवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "मानवी डोळ्याने यंत्रावर केलेली मात. महिनाअखेर परिषदेला निबंध जाऊ दे. पहिलं नाव पाहुणीचं." डागवाल्यांच्या खांद्याला एवढी सवय नव्हती. तो दिवसभर जड राहिला.

संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, आणि मग इतकी वर्षं जे सांगितलं नव्हतं तेही सांगितलं.

"आणखी होते ठिपके. मी खोडले."

"कधी?"

"त्याच दिवशी संध्याकाळी. पाच वाजता ज्वालांची यादी येते. ठिपक्याच्या जागी काही झालं नसेल तर तो चुकीचा. चुकीचं कागदावर कशाला ठेवायचं?"

"आणि झालं असेल तर?"

"ठेवायचो."

बायकोने पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हणजे निकाल लागल्यावर पेपर सोडवायचा."

"मला तो नीटनेटकेपणा वाटत होता."

"तुमच्या नीटनेटकेपणाचं कौतुक मी लग्नापासून ऐकतेय. सासूबाई तर मोजे घडी घालण्यावरून सांगायच्या. किती खोडले?"

"चाळीसेक असतील."

"आता सांगितलंत तर काय होईल?"

"नोंदीत खाडाखोड करणाऱ्याची कोणतीच नोंद धरत नाहीत. माझे सगळे कागद बाद. सव्वीस वर्षांचे."

"आणि नाही सांगितलंत तर?"

"ती छापेल. तिच्या नावाने. चार-दोन वर्षांत कोणीतरी मूळ कागद मागवेलच."

बायकोने ताटं एकात एक ठेवली. मग म्हणाली, "ती पोरगी कोणाची आहे?"

"कोणाची तरी असेलच."

"मग झालं तर. सकाळी जाऊन सांगा. आणि उभ्याने सांगू नका, तुमचे पाय कापतात."

डागवाल्यांनी बसून सांगितलं.  ऐकून झाल्यावर पाहुणी उठली, टेबलावरचा दिवा मान मोडल्यासारखा आडवा केला आणि एक जुना कागद त्याच्या तिरप्या उजेडात धरला. गुळगुळीत दिसणारा कागद त्या उजेडात माळरानासारखा दिसू लागला. प्रत्येक रेघेला सावली होती. पेन्सिलीचा काळेपणा पुसता येतो, टोकाने केलेला खळगा नाही. वर्तुळाच्या डाव्या अंगाला एक बारीक, रिकामा खळगा होता.

"हा एक," ती म्हणाली. "सगळे बघू."

अकरा दिवस दोघं खाली बसली. सकाळी साडेआठ ते दहा डागवाले वर सूर्य काढत आणि मग खाली येऊन जुने सूर्य तपासत. सात हजारांवर कागद होते. ती उजेड धरी, ते फायली काढून देत. चाळीसचा आकडा तिसऱ्या दिवशीच मागे पडला. शंभर झाले तेव्हा डागवाल्यांनी चष्मा काढून पुसला. अकराव्या दिवशी शेवटची फाइल मिटली तेव्हा तिच्या वहीत तीनशे बारा खोडलेले ठिपके होते.

"एवढे मी नाही काढले," डागवाले म्हणाले.

"अक्षर तुमचं आहे. दाबही तुमचाच आहे, काका. टेकवताना तुम्ही टोक किंचित डावीकडे वळवता."

हे त्यांना माहीत नव्हतं. आपण नसताना आपल्याबद्दल कोणीतरी बोलावं तसं त्यांना वाटलं.

मग तिने दुपारचे आकडे काढले. ठिपका असलेल्या एकाही दिवशी तो आकड्यात धरलेला नव्हता. केंद्राकडे गेलेली प्रत्येक संख्या फोटोशी जुळत होती.

"काढत होतात, पण मोजत नव्हतात. का?"

डागवाल्यांनी विचार केला. "माझा विश्वास नव्हता," ते म्हणाले. "हाताचा असेल."

पाहुणी पहिल्यांदाच हसली. अंगावरचं ओझं उतरल्यावर माणूस हसतो तशी. तिचं गणित सोपं होतं. मोठ्या डागांच्या आसपास सव्वातीनशे ठिपके मारत बसलं तर दहा-अकरा कुठेतरी लागणारच. ज्वालाही तिथेच होतात. न लागलेले खोडले म्हणून लागलेले चमत्कारासारखे दिसले. परिषदेचा निबंध बुडाला, पण तिचं नाव वाचलं. आणि आकडे शाबूत होते म्हणून डागवाल्यांची सव्वीस वर्षंही वाचली. "अहवालात एक तळटीप लिहीन," ती म्हणाली. "निरीक्षकाने काही अतिरिक्त खुणा करून पुसल्या आहेत, मोजणीवर परिणाम नाही. बस."

एवढ्या मोठ्या गोष्टीला एक तळटीप पुरली याचं डागवाल्यांना समाधान वाटलं. इथे ते उठून गेले असते तर बरं झालं असतं. पण नीटनेटका माणूस.

"ढगाचे राहिले," ते म्हणाले.

"कोऱ्या कागदात काय बघायचं?"

"फायलीत आहेत ना. मग बघायचे."

ढगाळ दिवसांचे कागद दोन हजारांच्या आसपास होते, वेगळ्या कपाटात. ती कंटाळून एकेक दिव्याखालून सरकवत होती. पहिले वीस सपाट. कोपऱ्यात 'ढग', तारीख, सही, आणि मधे वर्तुळ, कोणी न राहणाऱ्या घरासारखं. एकविसाव्या कागदावर तिचा हात थांबला.

वर्तुळाच्या आत, वरच्या बाजूला, एक खळगा होता. त्यात शिशाचा कण नव्हता. आणि त्याचा उतार किंचित डावीकडे होता.

"वरच्या कागदाचा दाब असेल," ती म्हणाली.

"कागद सुटे येतात. वही नसते. एका वेळी एकच लावतो."

"फळीला खड्डा असेल."

ती दोघं घुमटात गेली आणि फळीवरून बोटं फिरवून आली. फळी काचेसारखी होती.

"तुम्ही ढगाच्या दिवशी पेन्सिल हातात घेता का?"

"कशाला घेऊ? 'ढग' पेनाने लिहितो."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत असे एकोणीस कागद निघाले. ते दिवस इतक्या वर्षांत विखुरलेले, खळगे वेगवेगळ्या जागी. पाहुणीने संगणक उघडला. पहिली तारीख यादीशी ताडून पाहिली. दुसरी पाहिली. तिसरी पाहिली. तिन्ही जुळल्या. चौथी तिने पाहिली नाही. संगणक मिटला आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवून बसली, आतून कोणी उघडेल अशा भीतीने.

"काय निघालं?" डागवाल्यांनी विचारलं.

"काका, हे कागद आपण बघितले नाहीत असं समजू या."

"बघितले की."

"ऐका माझं. खोडलेल्या ठिपक्यांचं काय ते समजावता येतं. याचं येत नाही. मी हे लिहिलं तर केंद्र एकच म्हणणार: हा माणूस सूर्य नसतानाही खुणा करत होता, मग सूर्य असताना काय करत होता कोण जाणे. सगळं काढून टाकतील. तुम्हाला खोटारडा म्हणतील." तिने कपाटाकडे बोट केलं. "आणि हे लपवून कोणाचंच काही बिघडत नाही."

तिचं खरं होतं. कपाट बंद केलं की वीस वर्षं ते कोणी उघडणार नव्हतं. डागवाल्यांच्या निवृत्तीला पाच महिने होते. खिडकीबाहेर सपाट, सावली न पडणारा उजेड होता. त्यांनी एकविसावा कागद पुन्हा दिव्याखाली धरला आणि त्या खळग्याकडे बघत राहिले. नजर बाजूला नेली, परत आणली. तो तिथेच होता. न बघितल्यावरही होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो तिसऱ्या परीक्षेत पास झाला होता.

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि 'ढग' या शब्दाखाली, आजची तारीख घालून लिहिलं: 'कागदावर एक खळगा आढळला. कोणी केला माहीत नाही.' सही केली. आणि पुढचा कागद मागितला.

"काका."

"दे पोरी. अजून अठरा आहेत."

एकोणीस नोंदी लिहून व्हायला अर्धा तास लागला. पाहुणीने त्या आपल्या अहवालात घेतल्या, तळटीपेत नाही, मुख्य मजकुरात.

संचालकांनी अहवाल वाचून डागवाल्यांना बोलावलं. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," ते म्हणाले. "कोंबडं झाकून ठेवलं असतं तर या खेपेला तांबडं फुटलं नसतं, डागवाले. खरंच फुटलं नसतं." त्यांच्या आवाजात राग कमी आणि हळहळ जास्त होती. महिन्याभरात केंद्राचं पत्र आलं. या निरीक्षकाची सर्व वर्षं पुढील तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवण्यात येत आहेत. रोजचं निरीक्षण चालू ठेवायला हरकत नाही, मात्र आकडे पाठवू नयेत. भाषा सभ्य होती.

बायकोने पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे कागदोपत्री तुम्ही सव्वीस वर्षं काय करत होतात?"

"बसलो होतो."

"मला शेजारणी विचारायच्या तेव्हा मी हेच सांगायचे," ती म्हणाली, आणि पत्र चांगल्या कपड्यांच्या कप्प्यात ठेवून दिलं. मग जरा वेळाने, पाठमोरीच, म्हणाली, "ढगाच्या दिवशी तिथे एकटे बसता ना तुम्ही?"

"हो."

"आता बसू नका."

पाहुणीचे तीन महिने संपले होते, पण तिने मुदत वाढवून घेतली. कारणाच्या रकान्यात 'पुढील तपासणी' असं लिहिलं. केंद्राचाच शब्द असल्यामुळे कोणाला नाही म्हणता आलं नाही. ढगाळ सकाळी दोघं मिळून कोरा कागद आधी खालून वर आणलेल्या दिव्याच्या तिरप्या उजेडात तपासत, सपाट असल्याची खात्री करून घेत, फळीला लावत आणि हात मांडीवर ठेवून तासभर समोर बसत. पेन्सिली ती खाली कुलपात ठेवून येई. नऊ ढगाळ दिवस असे गेले. प्रत्येक वेळी कागद जसा लावला तसाच निघाला, आणि डागवाल्यांना दर वेळी थोडं हलकं वाटे आणि थोडं खोटं ठरल्यासारखंही.

दहाव्या ढगाळ दिवशी आभाळ शाईसारखं होतं. तासभर दोघांपैकी कोणी जागचं हललं नाही. दुर्बिणीचं घड्याळयंत्र तेवढं चालू होतं, न दिसणाऱ्या सूर्यामागे टकटक करत. साडेनऊला पाहुणीने चिमटे सोडले आणि कागद दिव्याखाली धरला.

तिने तो डागवाल्यांच्या समोर केला. वर्तुळाच्या उजव्या कडेजवळ खळगा होता. बारीक, स्वच्छ, डावीकडे किंचित उतरलेला. डागवाल्यांनी आपला उजवा हात उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. बोटांना काही लागलेलं नव्हतं.

"लिहा," ती म्हणाली. "मीही सही करते."

त्यांनी 'ढग' लिहिलं. खाली लिहिलं: 'खळगा एक. दोघे समोर बसलो होतो.' त्यांनी सही केली, तिने केली. सव्वीस वर्षांत त्या फायलीतल्या कागदावर दुसऱ्या माणसाची सही पहिल्यांदाच होती, आणि डागवाल्यांना वाटलं, बाकीचे सगळे कागद बाद झाले तरी हा एक करता येणार नाही.

पाहुणीने घड्याळ बघितलं. ज्वालांची यादी संध्याकाळी पाचला येते. तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती.

"थांबायचं?" तिने विचारलं.

डागवाल्यांनी घुमटाची झडप बंद केली नाही. त्यांनी दुसरी खुर्ची दिव्याच्या जवळ ओढली आणि बसले.